गोफणचा वेग

कप्तानाच्या नावावर कसोटी क्रिकेटमध्ये नऊ हजार नऊशे अठ्ठेचाळीस धावा होत्या. त्या आठवड्यात हा आकडा शहरात ज्याला त्याला तोंडपाठ होता. न्हाव्याला होता, बँकेतल्या खिडकीमागच्या बाईंना होता, आणि ज्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं अशा दंतवैद्यालाही होता. सत्तावीस शतकं, एकोणपन्नास अर्धशतकं, सर्वोच्च दोनशे एक्केचाळीस, सरासरी पन्नासच्या जरा वर, आणि दहा हजारांना फक्त बावन्न कमी. निवड समितीने चहा पाजून, पाठीवरून हात फिरवून कप्तानाला सांगितलं होतं की हा सामना शेवटचा. कर्णधारपद त्याने केव्हाच सोडलं होतं, तरी त्याला सगळे कप्तानच म्हणायचे. सामना घरच्या मैदानावर होता, डाव दोन मिळायचे होते, आणि बावन्न धावा म्हणजे एकेकाळी त्याचं जेवणाआधीचं काम. स्टेडियमबाहेरच्या फलकांवर दहा हजारांचा आकडा छापूनही झाला होता.

एका माणसाला मात्र त्या फलकांखालून जाताना मान वर करवत नव्हती. तो संघाचा थ्रोडाउनवाला होता. म्हणजे सरावाच्या नेटमध्ये फलंदाजाला चेंडू फेकून देणारा. गोलंदाज दमतात, त्यांना सामन्यासाठी जपावं लागतं. थ्रोडाउनवाल्याला कुणी जपत नाही. त्याच्या हातात लांब दांड्याची प्लास्टिकची पळी असते. तिच्या खोबणीत चेंडू बसवायचा आणि सोळा-सतरा पावलांवरून हात डोक्यावरून असा फिरवायचा, की चेंडू खऱ्या वेगवान गोलंदाजाच्या वेगाने, एकशे चाळीस-पंचेचाळीसने, फलंदाजापर्यंत गेला पाहिजे. दिवसाला असे तीनशे चेंडू. याचा हात ऐन उमेदीत असा काही फिरायचा, की संघाने त्याचं नाव गोफण ठेवलं आणि त्याचं खरं नाव घरच्यांपुरतं उरलं.

दोघं एकाच क्लबात वाढलेले. गोफण तेव्हा स्वतः वेगवान गोलंदाज होता, पण त्याचा वेग जेवढा, तेवढीच दिशा बेपत्ता, त्यामुळे गाडी क्लबाच्या पुढे सरकली नाही. कप्तान एकविसाव्या वर्षी देशाच्या संघात गेला आणि चार वर्षांनी, स्वतःचं वजन वाढल्यावर, म्हणाला की मला सरावाला हाच माणूस पाहिजे. त्याला आता सतरा वर्षं झाली होती. चारचौघांत गोफण त्याला अहो-जाहो करायचा, नेटमध्ये दोघंच असले की अरे-तुरे. कप्तान सराव करायचा तो फक्त गोफणच्या चेंडूंवर. बाकीच्यांना टाकायला दुसरा एक थ्रोडाउनवाला होता, त्याला सगळे डावखुरा म्हणायचे.

जगाने कप्तानाच्या धावा मोजल्या. गोफणचे चेंडू कुणी मोजले नाहीत, आणि मोजायचे कशाला म्हणा. अंदाजे दहा लाख भरतील. पण ती सत्तावीस शतकं गोफणला वेगळ्याच बाजूने आठवायची. दोनशे एक्केचाळीसचा तो डाव लोकांना आठवतो शेवटच्या तासातल्या षटकारांमुळे. गोफणला आठवायचा त्याच्या आधीचा आठवडा. कप्तान म्हणाला होता, डाव्या बरगडीवर टाक, मी ओरडलो तरी थांबू नको. याने पाच दिवस त्याच्या बरगडीवर चेंडू आपटले, आणि संध्याकाळी फिजिओने दोघांना शेजारी शेजारी झोपवून एकाच्या बरगडीला नि दुसऱ्याच्या खांद्याला बर्फ लावला. कप्तान शंभरावी धाव काढून बॅट उंचावायचा, तेव्हा गोफण मागच्या मैदानात पुढच्या कुणाला तरी चेंडू टाकत असायचा. नुसत्या टाळ्यांच्या आवाजावरून त्याला कळायचं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, उलट एक चोरटा अभिमानच वाटायचा.

खांदा कुरकुरायला लागून दोन वर्षं झाली होती. आधी थंडीत, मग रोज, मग झोपेतसुद्धा. फिजिओने तपासून सांगितलं की आतला स्नायू झिजलाय, शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही, आणि नंतर हात जेवायला-लिहायला चालेल, फेकायला चालणार नाही. गोफण म्हणाला, बघू. त्याने फिजिओकडून गप्प बसायचं वचन घेतलं आणि हा 'बघू' दोन वर्षं ओढला. फेकणं गेलं की नोकरी गेली. नोकरी गेली की सकाळी सातचं ते नेट गेलं, विमानातली कप्तानामागच्या रांगेतली जागा गेली, आणि गोफण म्हणून हाक मारणारंही कुणी उरलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसा तो गोळ्या घेत होता आणि टाकत होता.

सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी नेटवर चिटपाखरू नसताना त्याने वेग मोजायचं यंत्र बाहेर काढलं. कप्तानाला सरावात डोळ्यांसमोर आकडे नको असत, म्हणून ते त्यांच्या नेटवर कधी लागायचं नाही. गोफणने मोकळ्या यष्ट्यांवर सहा चेंडू जीव खाऊन टाकले. एकशे एकवीस, एकशे एकोणीस, एकशे बावीस. पुढचे तीन तर सांगण्यासारखेही नव्हते. सव्वाशेला एकही शिवला नाही. कसलंही सोंग आणता येतं, वेगाचं आणता येत नाही. त्याने यंत्र पुसून पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटात मागच्या बाजूला सरकवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने स्वतःला सांगितलं.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या फलंदाजाला चेंडू हळू येतोय हे कळू नये? नाही कळलं. वेग एका दिवसात पडला असता तर कळलं असतं. तो महिन्याला एक-दोन असा चोरपावलांनी उतरला, आणि तिकडे कप्तानाची नजर आणि पायही त्याच चालीने मंदावत गेले. दोन मागे पडलेली घड्याळं एकमेकांशी ताडून बघितली तर बरोबरच वाटायची. नेटमध्ये चेंडू बॅटच्या मधोमध बसायचा, तो खणखणीत आवाज यायचा, आणि कप्तान खूश होऊन विचारायचा की एकशे चाळीस तरी असेल ना रे? गोफण खाली वाकून पुढचा चेंडू उचलायचा आणि म्हणायचा, असेल.

मग कप्तान सामन्यात उतरायचा, आणि खऱ्याखुऱ्या एकशे पंचेचाळीसचा चेंडू त्याची बॅट खाली यायच्या आत पॅडवर आदळायचा. सहा महिन्यांत अकरा डाव झाले आणि त्यातल्या एकातही तो चाळिशी गाठू शकला नाही. सहा वेळा पायचीत, तीनदा त्रिफळा. मग जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असे उपाय सुरू झाले. कोचने त्याचे पाय इंचभर उघडले, मग पुन्हा मिटले. बॅट हलकी झाली, मग जड झाली. एका माजी खेळाडूने टीव्हीवर अर्धा तास त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर प्रवचन दिलं. नाचता येईना अंगण वाकडे, असं आयुष्यभर दुसऱ्यांना चिडवणारा कप्तान आता स्वतः खेळपट्ट्यांना नावं ठेवायला लागला. पत्रकारांना तो दर वेळी एकच सांगायचा, की नेटमध्ये मी उत्तम खेळतोय, धावा येतील. ते वाक्य ऐकलं की गोफण मान खाली घालून चेंडू पुसत बसायचा. माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं त्याच्या समोर सतरा पावलांवर उभं होतं.

सामना घरच्या शहरात, म्हणून त्या आठवड्यात गोफण मुक्कामाला घरी होता. सामन्याच्या तीन दिवस आधी संध्याकाळी बायको त्याच्या खांद्याला गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. वीस वर्षं ती गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होती, आणि घरी आली की तिला कुणाच्या तोंडाकडे बघायचाही कंटाळा यायचा. त्या दिवशी मात्र तिने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि विचारलं की खांद्याशिवाय आणखी काय दुखतंय. मग त्याने यंत्राची गोष्ट सांगितली. सहा चेंडू, सहा आकडे, सहा महिने.

तिने पिशवी फिरवून खांद्याच्या मागच्या बाजूला धरली.

"आमच्याकडे येतात असे लोक," ती म्हणाली. "गाडीवर ड्रायव्हर असतात, डोळे अधू झालेले असतात, नोकरी टिकवायची असते. खुर्चीत बसायच्या आधीच लांबून तक्ता पाठ करतात. शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणून दाखवतात."

"मग तू काय करतेस?"

"तक्ता बदलते."

"चिडत नाहीत?"

"एकाने खुर्चीला लाथ मारली होती. चिडू देत. रस्त्यावर काही तक्ता नसतो." मग ती म्हणाली, "तुमचा खांदा मला रोज दिसत होता. त्यांचे डोळे तुम्हाला रोज दिसत होते. आपण दोघंही गप्प बसलो."

त्याने विचारलं की नोकरी गेली तर काय. ती म्हणाली, माझं दुकान आहे, पोरगी कमावती झालीय, उपाशी कुणी मरत नाही. पण मी दिवसभर करू काय, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही त्याचं उत्तर दिलं नाही. पिशवी गार झाली तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. गोफण तिथेच बसून राहिला. त्याला कप्तानाची भीती वाटत नव्हती. सतरा वर्षांत पहिल्यांदाच उद्या नेटवर जावंसं वाटत नव्हतं, त्याचीच त्याला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कप्तान नेहमीसारखा आला. गवतावर दव होतं, पलीकडे माळी रोलर ओढत होते, आणि नेटच्या दोऱ्यांतून ऊन आत येत होतं. कप्तानाने चाळीसएक चेंडू खेळले. सुरेख खेळला. पुढे झुकून मारलेला एक फटका तर असा गेला की रोलरवाले माळी थांबून बघायला लागले. कप्तान बॅट काखेत धरून हसला.

"हा किती असेल?"

"एकशे अठरा," गोफण म्हणाला.

कप्तान आणखी हसला. "का रे, खांदा धरलाय का आज?"

"आज नाही. सहा महिने झाले. यंत्रावर मोजलाय मी. त्याच्या आधीपासून कधी, ते मला सांगता येणार नाही."

कप्तानाने हेल्मेट काढलं. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि तो बेचाळीस वर्षांचा दिसत होता, एक दिवसही कमी नाही.

"मी तुला रोज विचारत होतो."

"हो."

"आणि तू रोज 'असेल' म्हणत होतास."

"हात गेलाय माझा. कळलं असतं तर घरी पाठवलं असतं मला."

गोफणला वाटलं, आता हा बॅट आपटेल, शिव्या देईल. त्याची तयारी होती, खरं तर त्याला त्या हव्याच होत्या. पण झालं भलतंच. कप्तानाच्या चेहऱ्यावर रागाआधी एक सुटका दिसली. महिनोन् महिने आत कुठेतरी आवळलेलं काहीतरी सैल झालं. म्हणजे माझ्यात काही बिघाड नाही, तो जवळजवळ स्वतःशीच म्हणाला. सरावच हळू होता, मग सामन्यात उशीर होणारच. त्याने मैदानापलीकडे बघून डावखुऱ्याला हाक मारली आणि कोचला सांगून यंत्र मागवलं. आकडे नको म्हणणारा माणूस आता म्हणाला, माझ्या समोर लावा, मला दिसलं पाहिजे.

डावखुऱ्याचं वय अठ्ठावीस, खांदा नवाकोरा. पहिला चेंडू एकशे त्रेचाळीस. कप्तानाची बॅट खाली आली तेव्हा यष्टी मागे पडून गेली होती. दुसरा पॅडवर. तिसरा बरगडीवर. कप्तान म्हणाला, अजून नजर बसायचीय, टाक. चौथ्याची कड लागली, पाचवा पुन्हा यष्टीवर. गोफण नेटच्या मागे उभा राहून मोजत होता. त्याला मनापासून वाटत होतं की कप्तानाचं म्हणणं खरं निघावं, दोष सगळा आपल्या खांद्याचा निघावा. वीस चेंडूंत बॅटला लागले सहा, आणि त्या सहांतल्या चारांना कड. डावखुरा बिचारा घाबरला. एकविसावा त्याने मुद्दाम जरा हळू टाकला. कप्तानाने तो खेळला, यंत्राकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाला, "तू पण सुरू करू नकोस."

हे वाक्य नेटच्या या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला जेवढं लागायचं तेवढं लागलं.

कप्तान बाकावर बसून पाणी प्यायला. गोफणकडे त्याने बघितलं नाही. पाच मिनिटांनी तो उठला आणि पुन्हा आत गेला, पण आता तो वेगळाच कुणीतरी होऊन उभा राहिला. क्रीजमध्ये मागे, जवळजवळ यष्ट्यांना टेकून. बॅट उचलायची ती वीतभर. यष्टीवर नसेल तो प्रत्येक चेंडू सोडायचा. झुकून मारायचे ते फटके, ज्यांची पोस्टरं घरोघरी लागली होती, ते त्याने एकेक करून बंद केले. दोन दिवस, सकाळ-दुपार, तो एखाद्या नवशिक्यासारखा चेंडू नुसता अडवायला शिकत होता.

गोफणने त्याच दुपारी मॅनेजरला गाठून सगळं सांगितलं. मॅनेजर सामन्याच्या पासांच्या गडबडीत होता. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, आता या वेळी? बरं, सामना संपेपर्यंत राहा, चेंडू-बिंडू गोळा करा, पुढचं नंतर बघू. दोन वर्षं स्वतः वापरलेला 'बघू' गोफणला असा परत मिळाला. मग त्याने दोन दिवस वाकून वाकून चेंडू गोळा केले. त्या दोन दिवसांत कप्तान त्याच्याशी एक अक्षर बोलला नाही.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कप्तान फलंदाजीला आला तेव्हा स्टेडियम उभं राहिलं. त्यानंतरच्या चार तासांत ते हळूहळू बसलं. इतकी कुरूप फलंदाजी त्या मैदानावर कुणी बघितली नव्हती. तो चेंडू सोडत होता, अंगावर घेत होता, वेळेवर बॅट येणार नाही असं वाटलं की मांडीवर झेलत होता. धाव निघायची ती कडेला लागून, पायांमधून, घसटून. तासाभराने लोक गप्प झाले, दोन तासांनी शिट्ट्या वाजल्या. समालोचक म्हणाला की विक्रमासाठी माणूस किती लाचार होतो बघा. गोफण कोपऱ्यातल्या जिन्यात उभा राहून बघत होता. आजवर त्याने याचं एकही शतक धड बघितलं नव्हतं, पण हा डाव त्याने पहिल्या चेंडूपासून बघितला. प्रत्येक चेंडूला कप्तान उशीर झालेलाच होता, आणि प्रत्येक वेळी उशीर होणार हे धरून तो आधीच काहीतरी करत होता. गोफणच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या पोलिसाला वाटलं, ऊन लागलं असेल.

अडतीसवर यॉर्कर आला. त्याच्यावर कुठलाच इलाज नव्हता. मधली यष्टी गेली. एकूण झाले नऊ हजार नऊशे शहाऐंशी. कप्तान लगेच वळला आणि चालू लागला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बहुतेक उद्याच्या आशेने.

दुसरा डाव यायचा होता ना अजून. पण समोरचा संघ चौथ्या दिवशी दुपारी असा कोसळला की जिंकायला चौऱ्याहत्तरच धावा उरल्या. बावीसवर पहिला गडी बाद झाला आणि कप्तान पॅड बांधून बसला. तिसऱ्या क्रमांकावर नवा कर्णधार होता. तो पायऱ्यांवर थांबून म्हणाला, तुम्ही आधी जा. कप्तानाने नकाराची मान हलवली. स्वतः कर्णधार असताना त्याने एका ज्येष्ठाला याच कारणासाठी नाही म्हटलं होतं, ते मैदानात कुणाला आठवत नसलं तरी त्याला आठवत होतं. मग शहराने एक अजब प्रकार बघितला. आपलाच संघ जिंकायला आलेला, आणि समोरच्यांनी अपील केलं की आपलेच लोक टाळ्या वाजवत होते. एक झेल सुटला तेव्हा चाळीस हजार माणसांनी मिळून हळहळ केली. पण सलामीचा फलंदाज आणि नवा कर्णधार, दोघंही त्या दिवशी बाद व्हायचं विसरले होते. चौऱ्याहत्तर झाल्या. सामना संपला.

सगळे धावत मैदानात गेले. गोफण चेंडूंची पिशवी ठेवायला ड्रेसिंग रूममध्ये आला, तर तिथे कप्तान एकटाच खुर्चीवर बसलेला, पॅड बांधलेले, ग्लोव्हज मांडीवर. गोफण दारातूनच मागे फिरणार होता.

"ये," कप्तान म्हणाला. पाच दिवसांतला तो पहिला शब्द.

गोफण पिशवी भिंतीला टेकवून उभा राहिला. बाहेर ढोलांसारखा एकसारखा आवाज चालला होता.

"ते विचारणार मला, सहा महिने काय झालं होतं म्हणून," कप्तान म्हणाला. "मी सांगणार, वय."

"खोटं नाही ते."

"नाही." तो ग्लोव्हजकडे बघत होता. "तू सांगितलं नसतंस, तर परवा पाचच झाल्या असत्या. डोळ्यांवर पट्टी बांधूनच गेलो असतो मी आत. त्या अडतीस झाल्या त्या तू सांगितलंस म्हणून."

गोफणच्या छातीवरचं ओझं क्षणभर हललं. हे आभार आहेत असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

"आणि सहा महिने आधी सांगितलं असतंस," कप्तान त्याच सुरात म्हणाला, "तर अकरा डाव होते माझ्या हातात. चौदा धावा कुठेही मिळाल्या असत्या."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर उलटं काही बोलता आलं असतं. नोकरी होती, बायको होती, खांदा होता, भीती होती, आणि सतरा वर्षांची सवय होती. यातलं एकेक कारण गोफणने मनात हातात घेऊन बघितलं आणि खाली ठेवलं. चौदा धावांएवढं एकही भरत नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

कप्तानाने मान डोलावली, हिशोब पटल्यासारखी. त्याला थकवा आला होता, दोघांनाही आला होता, आणि भांडायला लागते तेवढी ताकद त्या खोलीत कुणाकडेच नव्हती. बाहेर ध्वनिक्षेपकावरून त्याची कारकीर्द वाचून दाखवायला सुरुवात झाली. एकशे अठ्ठावीस सामने, सत्तावीस शतकं. आकडा आला की लोक ओरडायचे. त्याला आता बाहेर जायचं होतं. तो पॅड सोडायला वाकला, पण खालचा पट्टा दीड तासाच्या बसण्याने अडकून बसला होता, बोटांना सुटेना.

गोफण पुढे होऊन गुडघ्यावर बसला. उजवा हात तिथवर पोचेना, म्हणून त्याने डाव्या हाताने पट्टा सोडवला. थोडा वेळ लागला. दुसरा पाय कप्तानाने आपणहून पुढे केला.